रेंज नसलेल्या शाळेतला ऑनलाइन वर्ग : कोकणात शिक्षक-प्रशिक्षण कसं द्यावं

ऑनलाइन साधनांचं प्रशिक्षण म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. तालुक्याच्या गावी एक हॉल, समोर प्रोजेक्टर, आणि साडेदहापासून पाचपर्यंत एकामागून एक ॲपची ओळख. चहा होतो, उपस्थितीपत्रकावर सह्या होतात, ग्रुपवर फोटो पडतात. सोमवारी शाळेत गेल्यावर त्यातलं एकही ॲप उघडलं जात नाही. त्याला शिक्षकांचा आळस म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्या बाईंची शाळा खाडीकाठच्या वाडीत आहे, जिथे एक दांडी रेंज मिळवायला व्हरांड्याच्या टोकाला उभं राहावं लागतं, त्यांना वायफायवर झरझर चालणारी दहा ॲप दाखवून काय उपयोग?

हा लेख प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी आहे: केंद्रप्रमुख (केंद्र म्हणजे जवळजवळच्या शाळांचा गट), विषय साधनव्यक्ती, मुख्याध्यापक, किंवा केंद्रात मोबाइल बरा वापरता येतो म्हणून ज्यांच्यावर “सर, तुम्हीच घ्या” अशी जबाबदारी येते ते शिक्षक. पद्धत एका वाक्यात सांगतो. ॲप शिकवायचं नाही, एक पाठ शिकवायचा. तोही नेट बंद ठेवून. आणि पंधरा दिवसांनी त्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसायचं. बाकी सगळा तपशील आहे, पण घोडं अडतं ते तपशिलातच.

तारीख ठरवण्याआधी शाळा बघा

केंद्रातल्या शाळांची माहिती गुगल फॉर्मवर मागवू नका. फॉर्मवर सगळ्यांचे टीव्ही चालू असतात. शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, प्रत्येक शाळेकडून कागदावर लिहून घ्या आणि जमेल तितक्या शाळांत स्वतः जाऊन या. विचारायचं ते असं: टीव्ही किंवा प्रोजेक्टर शेवटचा कधी लावला होता? टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो का? टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल कुठे आहे? (बहुतेक ती कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे.) इन्व्हर्टर असेल तर बॅटरी किती वेळ टिकते? कुठल्या कंपनीची रेंज येते आणि शाळेच्या कुठल्या कोपऱ्यात? एकाच केंद्रातली सड्यावरची, म्हणजे उंच पठारावरची शाळा आणि खाली पाण्याकाठची शाळा यांची उत्तरं अगदी उलटी येतील. दोघांना एकच आराखडा दिला तर एकाची शाळा नक्की बुडते.

आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही: छप्पर कशाचं आहे? कौलं किंवा पत्रा असेल तर जुलैतल्या पावसात टीव्हीचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. अशा शाळेतल्या शिक्षकाला आवाज बंद ठेवून स्वतः बोलता येईल असेच व्हिडिओ निवडायला शिकवावं लागतं. हे आधी कळलं तर प्रशिक्षणाची अर्धी दिशा बदलते.

शिक्षकांना काय येतं हे विचारून कळत नाही, करायला लावून कळतं. पाच कामं द्या. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उघडून दाखवा. फोनमधली एक फाईल ओटीजीने (फोनला पेनड्राइव्ह लावायच्या जोडणीने) पेनड्राइव्हवर टाका. फोन टीव्हीला जोडा. मराठीत चार ओळी टाइप करा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून आपल्या इयत्तेचं पुस्तक पीडीएफमध्ये उतरवा. ज्याला तीन-चार कामं येतात त्याच्याशेजारी ज्याला एकही येत नाही त्याला बसवा. मात्र जोडीत फोन नेहमी कमी येणाऱ्याच्या हातात राहील हे पहिल्या मिनिटाला सांगून टाका.

तारीख कोणती

जून-जुलै टाळा. प्रवेश, पुस्तकवाटप, अतिवृष्टीच्या सुट्ट्या, कुठे दरड, कुठे साकवावरून पाणी. शिक्षकही अर्धवट मनाने येतात, कारण डोळा बाहेरच्या पावसावर असतो. माझ्या मते पहिली बैठक गणपती विसर्जनानंतर, सत्र परीक्षेची धावपळ सुरू होण्याआधी ठेवावी. दुसरी दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या पंधरवड्यात.

विजेचा आणि नेटचा भरवसा धरून इथे काहीच आखू नये. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, आणि त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्याच महिन्यांत राज्यभर “शाळा बंद, पण शिक्षण आहे” चालू होतं. मोबाइल चार्ज करायला कुठे जायचं हा प्रश्न असलेल्या घरात रोज लिंक येत होत्या. वादळ नसतानाही वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग काढावाच लागतो. म्हणून आराखड्यात “नेट नाही” आणि “लाईट नाही” या दोन गोष्टी गृहीत धरूनच पुढे जायचं. नेट मिळालं तर चांगलंच.

साधनं थोडी, पण चाळून घेतलेली

एका प्रशिक्षणात दोनच साधनं घ्या. एक पाठ्यपुस्तकाला जोडलेलं, एक विषयाचं.

पहिलं अर्थात दीक्षा. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेला हा राष्ट्रीय मंच बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडांमुळे शिक्षकाच्या सर्वांत जवळ आहे. दोन गोष्टी हमखास शिकवा. एक, कोडच्या खाली अक्षर-आकड्यांचा सहा चिन्हांचा छोटा संकेत छापलेला असतो. पान फाटलेलं असेल, फोनचा कॅमेरा धूसर असेल, तर तो संकेत ॲपमध्ये टाइप केला तरी तोच आशय उघडतो. दोन, आशय एकदा ॲपमध्ये उतरवून ठेवला की नंतर नेटशिवाय चालतो. हे माहीत नसल्यामुळे “आमच्याकडे दीक्षा चालत नाही” असं म्हणून बरेच जण गप्प बसतात. दीक्षावरचा सगळाच आशय सारखा चांगला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावं. काही व्हिडिओंत फळ्यावरचा धडा कॅमेऱ्यासमोर वाचलेला आहे, बस्स. ते वर्गात लावण्यापेक्षा शिक्षकानेच शिकवलेलं बरं.

विज्ञान-गणितासाठी फेटचे आभासी प्रयोग माझ्या पसंतीत पहिले येतात. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांची मराठी आवृत्ती आहे, आणि प्रयोगाची फाईल उतरवून ठेवली तर साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. विद्युत मंडलाचा प्रयोग घ्या: बल्ब, तारा, बॅटरी बोटाने ओढून जोडायच्या, चुकीची जोडणी केली तर आग दाखवतो, आणि शाळेचं साहित्य जळत नाही. सहावीपासून पुढच्या भूमितीसाठी आकृत्या काढून हलवून बघता येणारं जिओजेब्रा. पहिली ते पाचवीच्या वाचनासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर: वाचनपातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी, मोफत, पीडीएफ उतरवता येतात. शाळेत एखादा जुना संगणक धूळ खात असेल तर त्यावर किविक्स हे सॉफ्टवेअर टाकून विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. मराठी विकिपीडियातले लेख मात्र एकसारखे नाहीत. एखादा झकास, एखादा दोन ओळींचा. मुलांच्या हाती देण्याआधी शिक्षकाने वाचलेला असावा.

यूट्यूबसाठी वेगळी चाळणी लागते, आणि ती प्रशिक्षणात एकत्र बसून करून घ्यावी. व्हिडिओ अख्खा आधी बघायचा; वेग वाढवून बघितला तरी चालेल, पण अख्खा. सहा मिनिटांपेक्षा मोठा असेल तर हवा तो तुकडा वहीत टिपायचा: २:१० ते ४:३०. मराठी कशी आहे ते ऐकायचं. बरेच व्हिडिओ हिंदीवरून उचललेले असतात आणि त्यातल्या संज्ञा आपल्या पुस्तकाशी जुळत नाहीत, मग पोरं परीक्षेत गोंधळतात. आवाज बंद करून चित्रावरून काही कळतं का ते बघायचं. शेवटी ‘ऑटोप्ले’ बंद करायचं, नाहीतर पचनसंस्था संपली की लगेच नाचाचं गाणं लागतं आणि तास तिथेच संपतो.

प्रत्यक्ष दिवस : पहिला तास फोन झाडायचा

प्रशिक्षण दहाला सुरू झालं तर अकरापर्यंत एकच काम: फोनमध्ये जागा करणं. शिक्षकांच्या फोनमध्ये नवं काही उतरत नाही याचं कारण बहुतेक वेळा नेट नसून भरलेली मेमरी असते. शुभ सकाळ, सुविचार, वाढदिवसाचे केक, पाच ग्रुपांवर आलेली एकच परिपत्रकाची पीडीएफ. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडायला सांगा, मोठ्या फायली वर येतात, त्या एकेक बघून काढायला लावा. मग फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करून घ्या. हे करताना हॉलमध्ये जो हशा आणि गलका होतो तो होऊ द्या. पन्नाशीतल्या गुरुजींना तीन जीबी मोकळी झालेली दिसली की पुढच्या दिवसभराची त्यांची बसण्याची तऱ्हाच बदलते. ज्या गोष्टीला ते घाबरत होते ती त्यांच्या हातून सुधारलेली असते.

इथेच एक नियम लावून घ्या, आणि तो स्वतः पाळा: प्रशिक्षकाचा हात शिक्षकाच्या फोनला लागता कामा नये. “द्या इकडे, करून देतो” हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की शिकणं थांबलं. हात मागे बांधा, तोंडाने सांगा: वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके दिसतात का? ते दाबा. काय आलं? वाचून दाखवा. वेळ लागतो. लागू द्या.

त्यानंतर सगळ्यांचे फोन विमान मोडवर. लागणाऱ्या फायली तुम्ही आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर भरून आणलेल्या असाव्यात, जोडीला एक या हिशोबाने. दुपारपर्यंतचं सगळं काम नेटशिवाय होतं हे शिक्षकांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

एक पाठ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता तुम्ही एक तास घेऊन दाखवायचा आणि शिक्षकांनी विद्यार्थी व्हायचं. मी सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ सुचवतो. किनाऱ्यावरच्या मुलांना यातलं अर्धं घरूनच येतं, आणि ऑनलाइन साधन कुठे कामाला येतं नि कुठे नको, हे या पाठात लख्ख दिसतं.

सुरुवात फळ्यावर. “आज तिथी कोणती?” कोणीतरी कॅलेंडर बघून सांगतं, पंचमी. “तुमच्याकडचे जुने मच्छीमार भरतीची वेळ कशी काढतात?” ज्यांना माहीत असतं ते लगेच सांगतात: तिथीची पाऊणपट करायची. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे भरती साधारण पावणेचारला. अष्टमीला सहा. हे फळ्यावर दोघा-तिघांकडून करून घ्या. उधाण (सर्वांत मोठी भरती) कधी, भांग (सर्वांत लहान भरती) कधी, विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हे उत्तर येतं. का, हे मात्र येत नाही.

त्या “का”साठी पडदा लावायचा. सूर्य, चंद्र, पृथ्वी यांच्या स्थितीचं चलचित्र आवाज बंद ठेवून सुरू करा आणि चंद्र सूर्याशी काटकोनात येण्याआधी थांबवा. “आता पाणी चढेल की कमी चढेल? हात वर करा.” दोन गट पडतात. कोणी बरोबर, कोणी चूक, ते सांगू नका. कारण विचारा. मग पुढे चालवा. चित्र पुन्हा मागे नेऊन त्याच जागी थांबवा आणि ज्यांचा अंदाज चुकला त्यांच्यापैकी एकाला समजावून सांगायला लावा.

तिसरा भाग कागदावर. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटीचे अंदाज मिळतात. आपल्या जवळच्या बंदराचे आठवडाभराचे आकडे आधीच उतरवून छापून आणा. तिथीच्या हिशोबाने काढलेली वेळ आणि संस्थेने दिलेली वेळ शेजारी शेजारी लिहायला लावा. बंदरानुसार फरक पडतो, कुठे थोडा, कुठे जास्त. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीचा हिशोब रोजची ४५ मिनिटं धरतो. किनाऱ्यावर प्रत्येक ठिकाणी पाणी एकाच वेळी चढत नाही. खाडीच्या आतल्या गावात ते आणखी उशिरा पोचतं. आजोबांचा हिशोब खोटा नाही आणि संकेतस्थळही खोटं नाही. फरक कुठून आला हे शोधणं हाच त्या दिवसाचा गृहपाठ.

तास संपल्यावर शिक्षकांना विचारा, पडदा किती वेळ चालू होता? कोणी पंधरा मिनिटं म्हणतं, कोणी वीस. घड्याळात ते पाचेक मिनिटं भरतं. बाकीचा तास फळा, तोंड, वही आणि घरची माहिती यांनी चाललेला असतो. हे आकडे त्यांनी स्वतः काढले म्हणजे “टीव्ही लावला की शिकवणं झालं” हा गैरसमज भाषणाशिवाय जातो. पण पूर्ण दिवसात शिक्षकांनी घेऊन जायची खरी गोष्ट आहे ती थांबवण्याची जागा. व्हिडिओ कुठे थांबवायचा आणि थांबवून काय विचारायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर कितीही चांगला व्हिडिओ वर्गाला झोप आणतो.

जेवणानंतर त्यांची पाळी

प्रत्येक जोडीने पुढच्या आठवड्यात शिकवायचा स्वतःचा खराखुरा पाठ घ्यायचा. काल्पनिक नको. एका कागदावर तीन रकाने आखायचे: पडद्यावर काय दिसेल, मी कुठे थांबेन आणि काय विचारेन, लाईट गेली तर काय करेन. तिसरा रकाना रिकामा असेल तर कागद परत द्या. कोकणात तो रकाना शोभेचा नाही. त्यात “पुस्तकातली आकृती फळ्यावर काढेन” एवढं लिहिलं तरी पुरतं, पण आकृती कोणती ते आधी ठरलेलं हवं.

तयारीला चाळीस-पन्नास मिनिटं द्या, मग सात-सात मिनिटांचं सादरीकरण. एखाद्या जोडीचं चालू असताना गुपचूप जाऊन टीव्हीचा प्लग काढा. हॉल हसतो, सादर करणारा क्षणभर गडबडतो, आणि मग तिसऱ्या रकान्याकडे बघून सावरतो. हा प्रसंग एकदा सुरक्षित जागी अनुभवला की वर्गात पोरांसमोर घाम फुटत नाही. मात्र हा खेळ सर्वांत लाजाळू जोडीबरोबर खेळू नका. जी जोडी बरी रंगात आली आहे तिच्याबरोबर करा.

सादरीकरणावर बोलताना शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: या वेळी तुम्ही विद्यार्थी म्हणून काय विचारलं असतं? “छान झालं”, “आवाज मोठा हवा होता” असल्या शेऱ्यांपेक्षा या उत्तरातून पाठ दुरुस्त होतो.

द्विशिक्षकी शाळेचं गणित

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतात. सगळ्या शाळेचा पट पंचवीस. तिथल्या शिक्षकाला “वर्गाला व्हिडिओ दाखवा” म्हणणं फसवं आहे, कारण तिसरीला दाखवला की दुसरी आणि चौथीही तोंड वासून तेच बघते.

यावर दोन मार्ग चालतात. एक म्हणजे सगळ्या इयत्तांना जोडणारा एकच विषय घ्यायचा. पाण्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघायचा. पहिली-दुसरीने चित्र काढून नावं लिहायची, तिसरीने वाक्यं, चौथीने जलचक्राचा क्रम लावायचा. दुसरा म्हणजे टॅबलेट किंवा शिक्षकाचा जुना फोन चार मुलांच्या गटाला दहा मिनिटं द्यायचा, सोबत तीन प्रश्नांची चिठ्ठी. तोवर शिक्षक दुसऱ्या इयत्तेला गणित शिकवतो. चिठ्ठी नसेल तर फोन देऊ नये. ती दहा मिनिटं मग नुसती पोरं गप्प बसवायची होतात, आणि मुलांना ते लगेच कळतं. फोन देताना त्यात सिमकार्ड नसावं, हेही बघा.

स्वाध्यायपत्रिका, जुने फॉन्ट आणि एआय

दुसऱ्या बैठकीत, दिवाळीनंतर, शिक्षकांनी स्वतःचं साहित्य बनवायला सुरुवात करावी. इथे एक जुनं दुखणं आडवं येतं. शाळेच्या संगणकावर वर्षानुवर्षं जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका असतात. त्या फोनवर उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी. म्हणून नवं सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट वाचता येणाऱ्या पद्धतीत, टाइप करायची सवय लावा. मुक्ता, बालू यांसारखे मोफत देवनागरी फॉन्ट आहेत, लहान मुलांसाठी वाचायला मोठे आणि मोकळे. ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांना फोनच्या कळफलकावरचा माइक दाबून मराठीत बोलायला शिकवा. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर तपासावी लागतात, पण वेळ निम्म्याने वाचतो.

शिक्षक आता एआयकडूनही उदाहरणं करून घेतात; ते लपवण्यापेक्षा उघडपणे शिकवावं. मागणी नेमकी करायला शिकवा: चौथीसाठी, दोन अंकी भागाकार, मराठी, सात शाब्दिक उदाहरणं, आंब्याच्या पेट्यांवर. पेटीत किती डझन धरायचे ते आपणच सांगायचं, नाहीतर यंत्र मनाला येईल ती संख्या टाकतं आणि बागायतदाराचा पोरगा वर्गात हसतो. प्रत्येक उत्तर हाताने सोडवून बघायचं. गावाचा इतिहास, स्थानिक किल्ले, देवस्थानं यांबद्दल यंत्राला विचारून ते तसंच मुलांना लिहून द्यायचं नाही. तिथे ते छातीठोकपणे खोटं लिहितं.

पाठपुरावा : खरं प्रशिक्षण इथे होतं

अमेरिकेतले ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी माहिती वाढते, पण ती वर्गात उतरते ती सहकाऱ्याने सोबत राहून केलेल्या मार्गदर्शनामुळे. आपल्याकडे हे सगळे मान्य करतात आणि पहिल्या दिवसानंतर विसरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ते सगळे तास हॉलमध्ये आणि पडद्यासमोर घालवण्यापेक्षा काही एकमेकांच्या वर्गात घालवता आले तर?

जवळच्या दोन शाळांची जोडी लावा. पंधरा दिवसांत एकदा एकाने दुसऱ्याच्या वर्गात एक तास बसायचं. सोबत अर्ध्या पानाची नोंद: पडदा किती मिनिटं चालला, कितीदा थांबवला, किती मुलं स्वतःहून बोलली, काय अडलं. गुण नाहीत, शेरा नाही. ही नोंद वरिष्ठांकडे जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून ते पाळलं पाहिजे, नाहीतर सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच दिवशी भरलेल्या मिळतील. दुसऱ्या शाळेत जायला तास कसा सोडायचा हा प्रश्न येतोच. केंद्रप्रमुखांनी त्या तासाला स्वतः वर्ग सांभाळायची तयारी दाखवली तर तो सुटतो. मी हे होताना बघितलं आहे, आणि त्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बोलण्यातला फरकही.

केंद्राचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढा आणि त्यावर फक्त एकाच प्रकारची पोस्ट चालू द्या: कोणतं साधन, कोणता पाठ, कुठे थांबवलं, काय झालं. तीन ओळी. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. पुरावा म्हणून वर्गाचे फोटो मागू नका. फोटो मागितले की शिक्षक फोटोसाठी टीव्ही लावतो. वर मुलांचे चेहरे कुठकुठल्या ग्रुपांवर फिरतात ते वेगळंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे, तेव्हा ही सवय आत्ताच मोडलेली बरी.

वर्षअखेरीस

मार्चमध्ये प्रत्येक शाळेचा पेनड्राइव्ह मागवून घ्या. फोल्डरांची नावं एकाच पद्धतीची असावीत: इयत्ता, विषय, पाठ क्रमांक, पाठाचं नाव. जे वर्षभरात एकदाही लावलं गेलं नाही ते काढून टाका. भरगच्च पेनड्राइव्ह म्हणजे चांगला पेनड्राइव्ह नाही. उरलेल्याची एक प्रत केंद्रशाळेच्या संगणकावर ठेवा. पावसाळ्याआधी टीव्ही-प्रोजेक्टर कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच, सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकून ठेवा आणि पाऊस चालू असतानाही आठवड्यातून एकदा चालू करा. बंद पडून राहिलेल्या यंत्राला इथली दमट हवा फार लवकर खाते.

राहिला बदलीचा प्रश्न. आपल्याकडे घाटावरून आलेले शिक्षक बरेच, आणि आंतरजिल्हा बदलीची यादी लागली की एका झटक्यात केंद्रातले तयार झालेले दोन-तीन जण निघून जातात. त्यांच्याबरोबर पासवर्डही जातात. म्हणून शाळेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढून सगळी खाती त्यावरच उघडा, शिक्षकाच्या स्वतःच्या नंबरावर नको. कार्यभार सोपवताना द्यायच्या यादीत बाकं, तांदूळ, हजेरीपट यांच्याखाली आणखी काही ओळी घाला: शाळेचा ईमेल आणि पासवर्ड बंद पाकिटात, पेनड्राइव्ह, एचडीएमआय केबल, टीव्हीचा रिमोट, रेंज कुठे येते ती जागा, आणि वर्षभरात वापरलेल्या तीन रकान्यांच्या कागदांची फाईल. नव्या शिक्षकाने या ओळींवर सही करण्याआधी जुन्याने त्याला टीव्ही एकदा लावून दाखवावा.